झाकणावरची हळद

वैजनाथ परभणीकडून पुण्यात आले ते लेथवर काम करायला. अकरा वर्षांनी कारखाना बंद पडला, तेव्हा खराडीतल्या एका प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागले. तिथं माणसाच्या केसांच्या मुळांतल्या पेशी झाकणाच्या छोट्या डिशमध्ये वाढवतात. डिश धुणं, कचरा निर्जंतुक करणं, पेशी ठेवलेल्या उबदार कपाटाचं तापमान दिवसातून तीनदा वहीत लिहिणं, ही त्यांची कामं. सदतीस अंश. तो आकडा ते पोटच्या पोराचा ताप लिहावा तसा लिहीत.

दीड वर्षापूर्वी त्यांच्या लेकीचे, उत्कर्षाचे केस जायला लागले. जिथले गेले तिथली कातडी गुळगुळीत झाली, मुळंच मेली. पुण्यात पोरी गाडीवर डोकं-तोंड बांधूनच फिरतात, त्यामुळे वाघोलीच्या रस्त्यावर ती चारचौघींसारखीच. पंचाईत वर्गात. कॉलेज सुटलं.

प्रयोगशाळेच्या रुपाली मॅडमनी रीतसर सह्या घेऊन उत्कर्षाच्या कानामागची शेवटची जिवंत मुळं काढून घेतली. हा उपचार नाही, अभ्यास आहे; डोक्यावर केस यायला वर्षं लागतील, कदाचित येणारही नाहीत, हे त्यांनी दोनदा बजावलं. बापलेकीनं माना हलवल्या आणि ऐकलं काहीच नाही. वैजनाथ रोज घरी फोन करून सांगत, आज पेशी तळाला चिकटल्या, आज पसरल्या.

खंडेनवमीच्या सकाळी डबा भरताना उत्कर्षानं हळदकुंकवाची पुडी पुढे केली. "लेथला लावायचात ना दर वर्षी? मग माझ्या पेशींना पण लावा, अप्पा."

हार-फुलं, हळदकुंकू दाराबाहेर, हा मॅडमचा नियम त्यांना पाठ होता. पण सुट्टीचा दिवस, नोंदी करायला ते एकटेच आलेले. त्यांनी हात स्वच्छ धुतले, कपाट उघडलं आणि लेकीच्या डिशच्या झाकणावर हळदकुंकवाचं बोट टेकवलं.

चौथ्या दिवशी डिशमध्ये पांढरी जाळी धरली होती. बुरशी.

मॅडमनी झाकण उजेडात धरलं. "ही हळद उडत आली का, काका?"

"मीच लावली."

"का?"

पुडी कुणी दिली ते त्यांनी सांगितलं नाही. लेथवरची जुनी सवय, म्हणाले. मॅडमनी झाकण परत डिशवर ठेवलं. मग म्हणाल्या, की राखीव म्हणून गोठवून ठेवण्याइतक्या पेशी अजून झाल्याच नव्हत्या आणि कानामागं आता काढण्यासारखं काही उरलेलं नाही.

"या कोपऱ्यात साफ दिसतंय, मॅडम. तेवढं तरी ठेवू."

"त्याच कपाटात अजून आठ जणांच्या पेशी आहेत. टाकून द्या, काका."

ते काम त्यांचंच होतं. त्यांनी बादलीत ब्लीच ओतलं, डिश बुडवली. अर्धा तास थांबायचं असतं. ते समोरच उभे राहिले.

आज फोन उत्कर्षानंच केला. पेशी कशा आहेत, म्हणाली. बुरशी लागली, गेल्या सगळ्या, असं ते कसंबसं बोलले.

"हळदकुंकू लावलं होतं ना तुम्ही?"

खरं सांगितलं असतं तर ती पुडी पोरीच्या हातून जन्मभर सुटली नसती.

"नाही गं. विसरलो."

"म्हणूनच," उत्कर्षा म्हणाली. आवाज चढलासुद्धा नाही. "एवढं एकच सांगितलं होतं, अप्पा."

तिनं फोन ठेवला. डब्याच्या पिशवीत ती उघडलेली पुडी अजून होती. वैजनाथांनी ती काढली आणि डिशच्या मागोमाग ब्लीचमध्ये सोडली.