पालक हजर पाहिजेत

नियमाआड लपणाऱ्या भल्या माणसाला तुम्ही भला म्हणाल का? शिरूरच्या लुथरन मिशनच्या कॉलेजात वसतिगृहाच्या जागा देणारे एक कारकून आहेत. आलेल्याला ते आधी पाणी देतात आणि 'नाही' कधीच म्हणत नाहीत. "नियम हाय, ताई," एवढंच हळू आवाजात म्हणतात.

दिवाळीनंतर मुलींची एक मोफत जागा रिकामी झाली. दौंडकडची एक धनगराची मुलगी ती मागायला आली. जागा मिळाली नाही तर तिचं शिक्षण सुटणार होतं. मी ओळखीचा म्हणून सोबत होतो.

"आबांना घिऊन या. पालक हजर पाहिजेत."

"आबा मेंढरं घिऊन कोकणात गेल्यात. पावसाच्या तोंडाला येतील."

"ठावं हाय. माझा थोरला भाऊ बी मेंढरं घिऊन तिकडंच हाय."

"मग मी सही करतो," मी म्हणालो.

"तुम्ही कोण तिचे?"

त्यांनी स्वतःचा चहा तिच्यापुढं सरकवला आणि अर्ज घ्यायची खिडकी लावून घेतली. जागा दुसरीला गेली. हिचं आता लग्न ठरलंय.

ज्यांचे आईबाप कळपामागं गेलेत अशा मुली तुमच्याही गावात आहेत. त्यातल्या एकीचे मामा किंवा मावशी म्हणून कॉलेजात जा आणि जागा मिळेपर्यंत तिथून हलू नका.