खिडकीतून गाडी दिसली पाहिजे

गाडी कुणाचीही असो, चाचा आधी टाचेनं तिच्या पुढच्या टायरला दोनदा ठोकायचे, फडक्याला हात पुसायचे आणि विचारायचे, "मुक्काम कुटं?"

कुठं निघालात, हे त्यांनी कधी कुणाला विचारलं नाही. तुम्ही तिरुपतीला जा नाहीतर गोव्याला, त्यांना त्याच्याशी कर्तव्य नसे. अंबाजोगाईच्या बाहेर, केजच्या रस्त्याला त्यांचं गॅरेज होतं. तुमच्यापैकी ज्यांनी तिथं गाडी दाखवली असेल, त्यांना हा प्रश्न आठवत असेल. उत्तर पटलं नाही की चाचा बॉनेटवर तळहात ठेवून गाडीलाच सांगायचे, "ह्यांना कळत न्हाई. तू संबाळून जा."

गॅरेज ही उतारवयातली गोष्ट. त्याआधी चाळीस वर्षं त्यांनी भाड्याची जीप चालवली. वऱ्हाडं नेली, नवस फेडणारी कुटुंबं नेली, माझ्यासारख्या मास्तरांच्या सहली नेल्या. त्यातून त्यांचं मुक्कामाचं एक शास्त्र तयार झालं होतं. दिवस मावळायच्या आत पोचता आलं पाहिजे. गाडीला झाडाची सावली पाहिजे, जवळ पाण्याचा नळ पाहिजे, खोलीच्या खिडकीतून गाडी दिसली पाहिजे. आणि गावात ओळखीचं एक तरी माणूस पाहिजे. "वळख नसली तर तो मुक्काम न्हाई सर. ते नुस्तं झोपनं झालं."

मी शाळेत भूगोल शिकवतो. पंचवीस वर्षं फळ्यावर जगाचे नकाशे काढले. पण गाव वाचायचं कसं, हे मी या माणसाकडून शिकलो, आणि तेही अशा गावाच्या बाबतीत, जे आम्हा दोघांपैकी कुणीच पाहिलं नव्हतं.

झालं असं, की माझ्या एका दातांच्या डॉक्टर मित्रानं थायलंडला जायचं काढलं. थायलंड म्हटल्यावर आमच्या दोघांच्याही घरात जरा शांतता पसरली. ती ओळखून डॉक्टरनं पुढच्याच वाक्यात 'सहकुटुंब' हा शब्द घातला. बेत असा की बँकॉकला व्हॅन भाड्यानं घ्यायची आणि उत्तरेला चियांग माईपर्यंत आपली आपण चालवत न्यायची. तिकडं गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूनं चालतात, ही माहिती मी पुरवली. या सबंध सहलीत भूगोलाचा तेवढाच उपयोग झाला. चालवायला अर्थातच चाचा.

सत्तरी जवळ आलेल्या माणसाचा पासपोर्ट निघाला. चौकशीला पोलीस गॅरेजवर आला, तर चाचांनी त्याच्या मोटारसायकलच्या टायरला दोनदा ठोकून विचारलं, "मुक्काम कुटं?" तो म्हणाला, "ठाण्यात." चाचांना हे उत्तर पटलं. सावली होती, नळ होता, ओळखही भरपूर होती.

डॉक्टरनं बेत वाचून दाखवला. सकाळी बँकॉक सोडायचं, रात्री चियांग माई.

"एका दमात?" चाचांनी विचारलं.

"रस्ते लई गुळगुळीत आहेत चाचा. मध्ये थांबायचं कशाला?"

"डॉक्टरसाब, दाढ काढताना तुमी बी मधी चूळ भरायला लावता. कावून लावता?"

डॉक्टरनं बेताचा कागद घडी करून खिशात ठेवला. मुक्काम शोधायचं काम चाचांकडं आलं.

त्यांच्याकडं बटणांचा फोन, म्हणून नकाशा माझ्या फोनवर. शाळा सुटली की मी गॅरेजवर जायचो आणि टायरच्या चळतीला टेकून आम्ही थायलंड बघायचो. रस्त्यावरच्या फोटोंमधून बोटानं पुढं सरकत गावामागून गाव चाललं. एक गाव त्यांनी नापास केलं, कारण तिथले कुत्रे उन्हात झोपले होते. "सावली आसती तर उन्हात मेले आसते का?" दुसऱ्यात हॉटेलं चकचकीत, पण समोर नुसत्या मोठ्या बसगाड्या. "हितं कुनी कुनाला इचारनार न्हाई." मग आलं कांफेंग फेत. निम्म्याहून थोडं पुढं, नदीकाठचं, जुन्या तटबंदीचं. आपल्या धारूरसारखा तट बघून चाचा म्हणाले, "हे किल्ल्याचं गाव थांबायसारकं हाय." तेव्हापासून ते आमच्यात किल्ल्याचं गाव झालं.

एका गल्लीच्या तोंडाला त्यांनी माझं बोट थांबवलं. टायरचं दुकान होतं. मला त्यात काहीच दिसेना.

"बघा की नीट. टायर सावलीत रचलेत, ऊन लागू न्हाई म्हनून वर पोतं टाकलंय. मानूस चांगला हाय. लावा फोन."

"कुणाला?"

"त्यालाच. पाटीवर नंबर हाय ना?"

पाटीवरची अक्षरं थाई होती, पण आकडे आपल्याला वाचता येतील असे. मी भाषांतराचं ॲप उघडू लागलो, तर त्यांनी हात आडवा घातला. "मशीन नको. वळख मानसानं करायची आसती."

व्हिडिओ कॉल लागला. पलीकडं पन्नाशीचा एक जाडजूड माणूस, काळे हात, गळ्यात फडकं. चाचांनी आपले काळे हात वर करून दाखवले. त्यानं स्वतःचे दाखवले. मग चाचांनी पाना उचलला, त्यानंही उचलला. तो तारीफ करायला लागला असावा, कारण चाचा लाजले. सप्टेंबर होता. मी आणलेल्या टोपलीतलं एक सीताफळ त्यांनी कॅमेऱ्यासमोर धरलं. तो माणूस उठून आत गेला आणि हातात सीताफळ घेऊन बाहेर आला. हुबेहूब आपलंच, आपल्या डोंगरातलं म्हणून खपलं असतं. दोघांनी एकाच वेळी फोडून खाल्लं, बिया थुंकल्या.

"झाली वळख," चाचा म्हणाले. माझ्या पंचवीस वर्षांत मी कुठल्याही देशात एवढ्या लवकर पोचलो नव्हतो.

मग त्यांनी डोळे मिटून गाल तळहातावर टेकवला आणि भुवया उडवल्या. मुक्काम कुठं? टायरवाल्यानं समोरच्या लॉजकडं बोट दाखवलं.

चाचांनी त्या लॉजच्या खिडक्या एकेक करून बघितल्या. मग फोन खाली करून, त्याला ऐकू जाऊ नये अशा आवाजात मला म्हणाले, "सर, एक इचारू? तिकडं डायवर कुटं झोपतो?"

मला गोव्याची सहल आठवली. आम्ही सगळे लॉजवर आणि चाचा जीपमध्ये, पुढच्या सीटवर पाय दुमडून. सकाळी त्यांनीच आम्हाला उठवलं होतं. चाळीस वर्षं ज्यांनी खिडक्या, नळ, सावल्या पारखल्या, त्यांनी त्या खोल्या फक्त बाहेरून पाहिल्या होत्या. आणि ते आजवर माझ्या कधी डोक्यातही आलं नव्हतं.

"चाचा, तुम्ही आमच्याबरोबर येताय. तुमची वेगळी खोली."

"पंख्याची?"

"पंख्याची."

"मंग त्याला म्हनावं, दाखव."

पुढची वीस मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. टायरवाला फोन घेऊन रस्ता ओलांडून गेला, जिना चढला, वरची खोली उघडली. पलंग, पांढरी चादर, एक उशी. चाचांनी हवेत बोट फिरवलं. त्यानं पंखा लावला. चाचांनी खिडकी उघडायची खूण केली. खाली झाड होतं, झाडाखाली नळही होता, पण जागा रिकामी. गाडी दिसेल की नाही, कसं कळणार? चाचांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग फिरवून दाखवलं. त्या परक्या माणसानं, हो, हसत हसत खाली जाऊन आपला पिकअप आणून झाडाखाली लावला आणि पुन्हा जिना चढून खिडकीतून दाखवला.

"दिसती," चाचा म्हणाले. मग फडक्यानं तोंड पुसलं, हातांऐवजी.

त्यानंतर दर शुक्रवारी, नमाज पढून चाचा परतले की, टायरवाल्याचा फोन माझ्याकडं यायचा. शुक्रवारी माझी सकाळची शाळा असल्यानं मी तोवर गॅरेजवर असे. तो रोज झाडाखालची जागा झाडतो, हे आम्हाला कळलं. चाचांनी नवा शिवून घेतलेला पायजमा त्याला दाखवला. घालून नाही, घडी दाखवली. "खोलीत घालायचा हाय," मला म्हणाले. "जीपमदी कपडे बदलून झोपलंच कोन?"

निघायला तेरा दिवस होते, तेव्हा चाचा गेले. दुपारी, गॅरेजमध्येच, टायरच्या चळतीला टेकून. आलेल्या गिऱ्हाईकाला वाटलं, डोळा लागलाय. तो गाडी लावून तासभर वाट बघत बसला.

तिकिटं आम्ही पुढं ढकलली. शुक्रवारी मी सवयीनं गॅरेजसमोर आलो, तेव्हा फोन वाजला. टायरवाला नेहमीसारखा हसला, त्यानं माझ्या मागं बघितलं, मग गाल तळहातावर टेकवून भुवया उडवल्या.

भाषांतराचं ॲप फोनमध्ये होतं. ते मी उघडलं नाही. मी त्याला गॅरेजचं ओढलेलं शटर दाखवलं. मग तसाच फोन हातात धरून रस्ता ओलांडला आणि समोरच्या कब्रस्तानात गेलो. माती अजून ओली होती. त्यानं मुक्काम विचारला होता, म्हणून मी त्याला सगळं ओळीनं दाखवलं. लिंबाची सावली. भिंतीजवळचा नळ. आणि फाटकातून दिसणारा रस्ता, पलीकडं गॅरेजसमोर उभी माझी गाडी.

त्यानं दोन्ही हात जोडून कपाळाला लावले असावेत, कारण फोन कुठंतरी टेकवला गेला आणि थोडा वेळ मला फक्त पोतं टाकलेले टायर दिसले. मग चित्र हललं. रस्ता आला, जिना आला, पांढरी चादर आली. त्यानं खिडकी उघडली. पंखा लावला. आणि फोन, तोंड वर करून, उशीवर ठेवला.

मी माझा फोन मातीवर ठेवला आणि बाजूला उभा राहिलो. पडद्यावर छत होतं आणि पंखा फिरत होता.