गळतीचा आलेख

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे अंदाजराव म्हणायचे. कंपनी घरबसल्या व्यायाम शिकवणारं ॲप चालवायची. कुठला ग्राहक किती महिने टिकेल, म्हणजे त्याच्याकडून एकूण किती कमाई होईल, हे अंदाजराव आधीच सांगायचे. शंभर जण आले की दुसऱ्या महिन्यात साठ उरतात, सहाव्यात बावीस. त्यांचा आकडा सहसा चुकत नसे, आणि त्याचा त्यांना भारी तोरा. माझं टेबल शेजारीच, त्यामुळे तो तोरा मी सात वर्षं सोसला.

बायको गेल्यापासून ते एकटेच राहायचे. मुलगी नोकरीसाठी दूरच्या शहरात. दुपारचा डबा ते जिन्यातल्या खिडकीशी उभं राहून खायचे; टेबलाशी बसलं की समोरची रिकामी खुर्ची दिसते म्हणे. ऐकून मला गलबलून आलं होतं. पण त्यांची कीव करायची सोय नव्हती, लगेच अंगावर यायचे.

एका दुपारी त्यांच्या स्क्रीनवर वेगळाच आलेख दिसला. ग्राहकसंख्या : एक.

"हे काय हो?"

"लेकीचे फोन," ते म्हणाले. "पहिल्या वर्षी आठवड्याला एक. मग पंधरा दिवसांनी. आता महिना-सव्वा महिना. या चालीने वर्षभरात बंद. मनाची तयारी असलेली बरी."

हसावं की रडावं, मला कळेना. मग रागच आला.

"आपला ग्राहक आठ दिवस फिरकला नाही, तर आपण काय करतो?"

"आठवण पाठवतो. त्याशिवाय त्याला गेलेला धरायचं नाही. नियम माझाच आहे."

"मग हिला किती वेळा पाठवलीत? तुम्ही स्वतः किती फोन केलेत?"

अंदाजरावांनी चष्मा काढून पुसला. परत पुसला.

"तिला कामात त्रास नको म्हणून..."

"किती?"

"एकही नाही."

मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठले. परत आले तेव्हा त्यांच्या कानाला फोन होता. पलीकडचा आवाज एवढा मोठा, की मलाही ऐकू आला.

"बाबा? काय झालं? तुम्ही बरे आहात ना? मी निघू का लगेच?"



"काही नाही गं," ते कसेबसे म्हणाले. "सहज केला."

"सहज?" लेकीने विचारलं, आणि ती रडायलाच लागली.