खालापूरच्या गोदामातली मोजणी

ये गं पोरी, अशी जवळ ये. कागदावर का होईना, पण जवळ बस. आणि आधी माझं थोडं ऐकून घे. फोनवर अर्धं ऐकायचं, उरलेलं आपल्या मनानं जोडायचं, आणि मग मोठ्या आईशी बोलणंच टाकायचं, ही कुठली रीत? तुझे वडील माझ्या घरची पायरी चढत नाहीत, म्हणून तूही चढायची नाहीस? तुझ्या दादानं, म्हणजे माझ्या लेकानं, तुझ्या बापाला चोर म्हटलं, असं तुला कोणी सांगितलं? तो तसं म्हणाला नाही. पण जे केलं ते म्हणण्याहून वाईट होतं, हेही मी लपवत नाही. सगळं सांगते, मग काय रुसायचं ते रुस.

तुला आठवतं ते आपलं कडावचं दुकान. तांदूळ, डाळी, पोहे, गूळ. तुझे मोठे काका गेले तेव्हा दुकान भावजींनी, म्हणजे तुझ्या वडिलांनी, सांभाळलं. मग तुझा दादा मोठा झाला, घाऊक धंद्यात उतरला, खालापूरच्या बाजूला पत्र्याचं हे एवढं गोदाम घेतलं, आणि आम्ही मायलेक इकडेच राहायला आलो. खोपोलीची दुकानं आपल्याकडून माल नेतात, माथेरानची हॉटेलं आपल्याकडून नेतात. आणि गोदामाची चावी कायम तुझ्या वडिलांच्या कमरेला. दादाला हिशेबातलं कळतं, पण माल कुठे ठेवायचा, ओल कुठे येते, उंदीर कुठून शिरतो, हे सगळं भावजींकडे.

धंदा वाढला तशी गोदामात गर्दी झाली. पोहे हवे असले की आधी साखर हलवा, साखर हलवायची तर डाळ हलवा. माथेरानचा टेंपो तर रोज उशिरा सुटायचा. तो जातो दस्तुरीपर्यंतच, पुढे गाड्यांना बंदी, म्हणून घोडे आणि हातगाड्या. तिथली घोडेवाली माणसं ताटकळायची आणि फोनवर दादाला असं काही ऐकवायची, की तो फोन कानापासून लांब धरायचा.

म्हणून त्यानं एक मॅनेजर आणला. भिवंडीकडच्या मोठमोठ्या गोदामांत काम केलेला. मला तो पहिल्या दिवसापासून पटला नाही. का, तर आल्या आल्या मला ‘आई’ म्हणाला. अरे, ओळख नाही पाळख नाही, आई कसली? चहा दिला तर पिण्याआधी कपाच्या आत बघितलं. मी म्हटलं, हा माणूस आपल्या घरात काहीतरी शोधायला आलाय.

त्यानं जमिनीवर पिवळे पट्टे मारले. पोत्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, आणि टीं टीं करणारं एक मशीन त्या चिठ्ठ्यांवर धरायला लावलं. वर कॅमेरे. मी गोदामात गेले की तो कॅमेरा माझ्याकडेच बघतोय असं वाटायचं, मी पदर सारखा करायची. पूर्वी तांदळाच्या मोजक्या मोठ्या थप्प्या होत्या. त्यानं त्या मोडल्या आणि प्रत्येक जातीची, प्रत्येक वजनाची वेगळी छोटी थप्पी लावली. माथेरानचा माल आदल्या संध्याकाळीच दाराशी काढून ठेवायला सांगितलं. खोटं कशाला बोलू, टेंपो वेळेवर सुटायला लागला. पण मी म्हटलं, गोड बोलणारा माणूस आधी फायदाच दाखवतो.

आणि तसंच झालं. मोजणी केली तर पोती कमी. कॉम्प्युटर म्हणतो माल आहे, हमाल म्हणतात नाही. पुन्हा मोजलं, पुन्हा कमी, आणि ते कमीपण वाढतच चाललेलं. तांदूळ कमी, डाळ कमी, पोहे कमी. सगळ्यातलं थोडं थोडं.

मॅनेजर दादाला म्हणाला, “असं सगळीकडून थोडं थोडं जातं ना, ते आतल्या माणसाचं काम असतं. मी नाव घेत नाही. पण चावी एकाच माणसाकडे असते, एवढंच सांगतो.”

नाव घेत नाही म्हणे! आणखी काय नाव घ्यायचं राहिलं होतं?

मी दादाला म्हटलं, “अरे, तो येण्याआधी कधी पोतं गेलं होतं का? तो आला आणि माल जायला लागला. आता तूच जोड.”

तो म्हणाला, “आई, तुझा कोणावर तरी संशय असतोच. दूधवाल्यावर पण आहे.”

“दूधवाला पाणी घालतोच,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दादानं कुलूप बदललं. तुझ्या वडिलांना म्हणाला, “काका, काही दिवस चावी ऑफिसात राहू दे.” भावजींनी कमरेची जुनी चावी सोडली, टेबलावर ठेवली आणि कडावची गाडी धरली. मी दारात आडवी गेले. म्हणाले, “वयनी, तुमी कशाला मधी पडता? पोरगा मोठा झाला.” बस. तेव्हापासून आले नाहीत.

मग मी ठरवलं. रोज डबा घेऊन गोदामाच्या दाराशी खुर्ची टाकून बसायला लागले. मॅनेजरवर नजर ठेवायला. तो माझ्यावर ठेवत होता, मी त्याच्यावर. कोणी टेंपोवाला जरा हसून बोलला त्याच्याशी, की मी गाडीत डोकावून बघायची. एकदा तर त्याची बॅग उचलून वजन बघितलं. डबाच होता. पण माझं समाधान झालं नाही.

शेवटी मी म्हटलं, मोजणी माझ्यासमोर होऊ दे, मोठ्यानं. मॅनेजर हसला, पण दादानं ऐकलं. आपला हमालांचा मुकादम, कडावकडचाच, थप्पीवर हात ठेवत थर मोजायला लागला. मॅनेजर मशीन धरून बाजूला.

एका थप्पीपाशी मॅनेजर वाकला. “हे खालचं पोतं मोजलं नाहीस तू.”

मुकादम म्हणाला, “तळाचं हाय ते.”

“मग? पोतंच आहे ना?”

“तळाचं कोन मोजतं? ते विकायचं नाय, हलवायचं नाय. ते ऱ्हायाचं.”

“कुणी सांगितलं तुला?”

मुकादम त्याच्याकडे असा बघत राहिला, जसं कोणी विचारलंय की जेवताना तोंड का उघडतोस. “सांगायचं काय त्यात? तळ उघडा पाडतात का कुनी? तुमच्या घरी डबा खरवडून धुवून ठेवता का वो, सायेब?”

बाकीचे हमाल फिदीफिदी हसले. मी मात्र हसले नाही. मला एकदम उमगलं. पोरी, माझ्या सासूबाई कणगीतला शेवटचा पायलीभर तांदूळ कधी काढायच्या नाहीत. नवं भात आलं की त्याच्यावरच ओतायचं. धान्याचा तळ दिसला की बरकत जाते. दुकानातही तेच, गोदामातही तेच. इतकं रोजचं, की कोणी ते बोलून दाखवत नव्हतं. पूर्वी थप्प्या मोजक्या होत्या, तळाची पोतीही मोजकी, म्हणून फरक कोणाच्या डोळ्यांत आला नाही. मॅनेजरनं एका थप्पीच्या दहा केल्या, तसं प्रत्येक नव्या थप्पीनं आपलं एक पोतं खाली दाबून धरलं. हमालांनी ते ठेवलं आणि मोजणीतून सोडलं. चोरी कसली, माल आपल्याच पायाशी पडला होता.

दादा तिथंच पोत्यावर बसला. मॅनेजरनं मशीन खाली ठेवलं. मग म्हणाला, “मला कोणी सांगायला हवं होतं.” त्याच्या बाजूनं ते खरंही असेल. पण एका माणसाच्या कमरेची चावी उतरवायच्या आधी त्यानं एकदा तरी खाली वाकून बघायला हवं होतं, हे माझं म्हणणं आहे.

आता तळाची पोती निघाली आणि विकलीही गेली. खालचे पोहे जुने झाले होते, ते गुरांना घातले. मी भांडून साऱ्या गोदामाचं मिळून एक पोतं कोपऱ्यात राखून घेतलंय. मॅनेजरनं त्यावर ‘विकू नये’ अशी चिठ्ठी लावली आहे. ती तो एक दिवस काढणार, मला खात्री आहे. म्हणून अजून अधूनमधून जाऊन बघते.

दादा कडावला गेला होता, नव्या कुलपाची चावी घेऊन. भावजींनी त्याला चहा दिला, भाकरी खाऊ घातली, शेतात कुठे कीड पडली ते दाखवलं. चावी घेतली नाही. म्हणाले, “ही तुझ्या कुलपाची हाय, तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे.” दादा पाया पडला, त्यांनी पाठीवर हातही ठेवला. पण आले नाहीत. आता दोघंही एकमेकांविषयी मला विचारतात, काका कसे आहेत, पोरगा कसा आहे, आणि फोन मात्र कोणी कोणाला लावत नाही. दादाला वाटतं, काकांच्या मनात अढी आहे. काकांना वाटतं, पोराच्या मनात अजून संशय आहे. आणि मला वाटतं, दोघांचंही थोडं थोडं खरं आहे.

म्हणून तुला लिहिते. मी बोलावलं तर तुझे वडील भात आवरायचं कारण सांगतात. पण लेक माहेराला आली आणि मोठ्या आईकडे जायचं म्हणाली, तर तिला सोडायला ते येतीलच, आणि दारातून परत जाऊ देणारी मी नाही. तेव्हा ये बाई लवकर. येत्या रविवारीच ये.