तिसऱ्या भागात पुसलेली बाई

माझा राग एका खेळावर आहे, कॉम्प्युटरवरच्या. तिशी ओलांडलेल्या बाईनं खेळावर डूख धरावा याचं लोकांना हसू येतं. येऊ दे. त्या खेळाचे तिन्ही भाग मी शेवटापर्यंत खेळले, त्यात आख्खा हिवाळा घातला, आणि शेवटी ती गोष्ट लिहिणाऱ्यांनी माझ्या आणि माझ्या थोरल्या बहिणीच्या तोंडाला पानं पुसली. त्यांचं नाव घेऊन मी त्यांची फुकट जाहिरात करणार नाही.

वालूरला आमचं किराणा दुकान. त्यातच एका कोपऱ्यात पत्र्याचा आडोसा करून मी कॉम्प्युटर आणि प्रिंटर मांडला होता. परीक्षांचे फॉर्म, सातबारा, पीकविमा आणि लग्नाचे बायोडेटे अशी कामं यायची. बायोडेट्यात माझा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. काळ्याला 'निमगोरा' करायचं, दोनदा नापास झालेल्याला 'शिक्षण चालू' लिहायचं, सहा महिन्यांत मोडलेल्या लग्नाला 'नाममात्र घटस्फोटित' म्हणायचं, हे सगळं मी विनातक्रार करत आले होते. दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक नसायचं, तेव्हा मी खेळायचे.

अक्का, म्हणजे माझी बहीण, तेव्हा माहेरी होती. सोनपेठला दिली होती तिला. त्याच्या चार वर्षं आधी तिचं पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे आमच्याकडे झालं, मुलगी झाली. आम्ही लिंगायत; पाचव्या दिवशी स्वामींनी येऊन त्या मुलीच्या गळ्यात लिंग बांधलं. आमच्यात एकदा लिंग बांधलं की माणूस पुरा झाला. मग तो ऐंशी वर्षांचा असो की पाच दिवसांचा. अकराव्या दिवशी सकाळी मुलगी गेली. आमच्यात सुतक नाही, तसं आमचे लोक अभिमानानं सांगतात आणि मलाही त्याचा अभिमान होता. पण त्या सुतक नसण्याचा आमच्या घरानं काय उपयोग केला, तर दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं, पाळणा माळ्यावर टाकला आणि त्या विषयाला कुलूप घातलं. सासरचं कुणी अक्काला न्यायला आलं नाही. पुढं कोर्टातून घटस्फोटाचा कागद झाला, त्यावरही घरात कुणी बोललं नाही.

तर अक्का दुपारी माझ्या बाजूला स्टुलावर बसून तूर निवडायची आणि खेळ बघायची. तिला बटणं कळत नसत, पण गोष्ट माझ्यापेक्षा चांगली कळायची.

गोष्ट अशी होती. एक शहर पुरात बुडालेलं. त्या शहराच्या एका पहारेकऱ्याला काशाची घंटा सापडते. ती वाजवली की काळ मागं सरकतो. पहारेकरी कड्यावरून पडला, घंटा वाजवली, परत कड्यावर. राक्षसानं गिळला, घंटा वाजवली, परत राक्षसासमोर. पहिल्या भागात तो अशीच घंटा वाजवत पुराच्या आदल्या दिवसापर्यंत जातो आणि निम्मं शहर वाचवतो. मी पडले की अक्का ओरडायची, "मागं घे, मागं घे! बटन दाब की!" एकदा सूप खाली ठेवून म्हणाली, "असं एक बटन पायजे होतं बघ." तेवढ्यात लाइट गेली म्हणून बरं झालं.

दुसऱ्या भागात एक नावाडीण येते. जगात ती एकटीच अशी की घंटा कितीही वाजली तरी तिला पुसलेले दिवस आठवतात. पहारेकऱ्याच्या फायद्यासाठी जो जो दिवस पुसला जातो, त्याची ती कमरेच्या दोरीला गाठ मारते. शेवटी पुलावर ती एकटी उभी राहते, पहारेकऱ्याला घंटा घेऊन निसटायला वेळ मिळावा म्हणून. तिथं तिचा उजवा हात जातो. त्या दिवशी अक्कानं तूर निवडलीच नाही. पहारेकऱ्याबद्दल तिला काडीची फिकीर नव्हती. ती रोज यायची ती नावाडिणीसाठी.

आणि मग तिसरा भाग. मला अजून तो पडदा आठवतो. पहारेकरी इतका मागं जातो की जिथं घंटा ओतायची तिथं जाऊन साचाच फोडतो. पूर त्या घंटेनंच आणलेला निघतो; घंटा नाही, म्हणून पूर नाही, राक्षस नाही, काहीच झालं नाही. शहर हसतंय, खेळतंय. नावाडीण काठावर उभी, दोन्ही हात शाबूत. कमरेला दोरी आहे, एकही गाठ नाही. ती पहारेकऱ्याला विचारते, पलीकडं जायचंय का? तिला तो कोण हेसुद्धा माहीत नाही. तो गोड हसतो, वाजंत्री सुरू होते आणि नावं वर सरकायला लागतात.

मला खरं म्हणजे बरं वाटलं होतं. मी म्हटलं, "चला, हात तरी परत मिळाला तिला."

अक्का इतकी चिडलेली मी आधी पाहिली नव्हती. "हात मिळाला, अन् गाठी कुठं गेल्या? ती पुलावर लढली ते कुठं गेलं? तिला कुणी इचारलं का, बाई, तुझं सगळं पुसू का म्हणून? हा कोन लागून गेला मोठा!"

"अगं, तिला दुःख राहिलं नाही ना पण."

"दुःख तिचं हाय की त्याचं? त्याला बघवंना म्हणून त्यानं पुसलं." सूप घेऊन ती आत निघून गेली. तूर जमिनीवर सांडली ती मी गोळा केली.

मी नंतर इंटरनेटवर शोधलं. देशोदेशीची माणसं त्या शेवटाला नावाजत होती. डोळ्यांत पाणी आलं म्हणे, काय त्याग म्हणे पहारेकऱ्याचा! त्याग त्याचा! हात बाईचा गेला, आठवणी बाईच्या गेल्या आणि त्याग त्याचा झाला. हजारो लोकांत एकालाही अक्काचा प्रश्न पडला नव्हता. मी तिथं मोडक्या इंग्रजीत चार ओळी खरडल्या. एकानं उत्तर दिलं, खेळच आहे, शांत व्हा.

मी शांत झाले. आणि पंधरा दिवसांत स्वतः तेच केलं, त्याची लाज मला आजही आहे.

परभणीला समाजाचा वधू-वर परिचय मेळावा होता. आमच्या वडिलांनी, अप्पांनी, अक्काचं नाव द्यायचं ठरवलं. फॉर्म घेऊन ते माझ्या आडोशात आले. जन्मतारीख, उंची, शिक्षण मी भराभर टाइप केलं. वैवाहिक स्थितीत 'घटस्फोटित' लिहिलं. पुढचा रकाना अपत्यांचा होता. मी थांबले.

"विनापत्य लिही," अप्पा म्हणाले.

"अप्पा, पण..."

"आता हाय का लेकरू? न्हाई ना? मग? झाकली मूठ सव्वा लाखाची. उगं लोकांला शंभर प्रश्न पडत्यात, कशानं गेलं, काय दोष हाय."

मी लिहिलं. सवयीचा हात होता, अडखळलासुद्धा नाही. दुसऱ्यांच्या मुलींसाठी हा शब्द मी पन्नासदा टाइप केला असेल. तो सोपाच आहे, छान दिसतो, रकान्यात बसतो. प्रिंट काढली, अप्पांनी सही केली. अक्काला वाचायला दिलीच नाही.

तिनं तो शब्द पहिल्यांदा पाहिला तो मेळाव्यात, छापील पुस्तिकेत, स्वतःच्या फोटोखाली. परभणीतलं मंगल कार्यालय खच्चून भरलेलं, आई, अप्पा, मी आणि ती चौघं एका ओळीत बसलेलो. ती पुस्तिका मांडीवर ठेवून बघत राहिली. मग माझ्याकडे मान वळवली. "तू टाइप केलंस?" मी हो म्हटलं. तिनं पुस्तिका मिटून पिशवीत टाकली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मेळाव्याची रीत अशी की नंबर पुकारला की स्टेजवर जायचं आणि माइकवर आपला परिचय द्यायचा. मुलं पगार सांगत होती, मुली 'अपेक्षा काही नाही' म्हणत होत्या. अक्काचा नंबर आला. तिनं गाव सांगितलं, शिक्षण सांगितलं. मग म्हणाली, "पुस्तकात माझ्या नावापुढं विनापत्य छापलंय, ते खोटं हाय. मला एक लेक झाली होती. तिला लिंग बांधलं होतं. अकरा दिवसांची होऊन गेली."

अप्पांनी मान खाली घातली. स्टेजवरचे सूत्रसंचालक, पांढऱ्या सफारीतले गृहस्थ, हसत हसत पुढं आले आणि त्यांनी तिच्या हातातला माइक जवळजवळ काढूनच घेतला. "असू द्या ताई, असू द्या. झालं गेलं गंगेला मिळालं. आता नवीन आयुष्याला सुरुवात करायची! टाळ्या होऊन जाऊ द्या ताईंसाठी." आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या! माझ्या शेजारची बाई तर डोळे पुसत वाजवत होती. मला त्या क्षणी त्या आख्ख्या कार्यालयाच्या खुर्च्या उलथून टाकाव्याशा वाटल्या.

अक्का हलली नाही. माइक त्यांच्या हातात होता, ती तशीच वाकून त्यात बोलली. "गंगेला न्हाई मिळालं. मातीत हाय ती. कुठं हाय, ते मला आजपर्यंत कुणी दाखवलं न्हाई."

टाळ्या थांबल्या. ती पायऱ्या उतरून थेट दाराकडं गेली.

मला हे माहीत नव्हतं. त्याच घरात राहून मला हे माहीत नव्हतं! आठवायला लागले तेव्हा आठवलं की त्या सकाळी बाळंतिणीला वारं लागेल म्हणून अक्काला खोलीबाहेर येऊ दिलं नव्हतं. अप्पा आणि स्वामी मुलीला घेऊन गेले, तासाभरानं परत आले, आणि कुणीच कुणाला काही विचारलं नाही. सुतक नाही म्हणणाऱ्या घरात बाळंतिणीचं वारं मात्र शिल्लक होतं.

एसटीत आम्ही चौघं बसलो. अप्पा पुटपुटले, "चार लोकांत बेइज्जती केली." मी इतक्या जोरात वळले की पुढच्या सीटवरचा माणूस दचकला. "बेइज्जती कुणी केली? तुम्ही सांगितलं आणि मी लिहिलं! आपण दोघांनी तिच्या लेकीला खोडलं. तुम्हाला शंभर प्रश्न नको होते. आणि तिला एकच हवा होता, 'तुला तिची जागा बघायची का', तो चार वर्षांत आपल्यातल्या एकानंही विचारला नाही." आई म्हणाली, हळू बोल. मी म्हटलं, हळू बोलूनच हे झालंय. अक्का खिडकीबाहेर बघत होती.

वालूरच्या दीड कोस आधी रस्त्याला लागून आमचं तीन एकर रान आहे. ते आलं तसे अप्पा उठले आणि कंडक्टरला म्हणाले, "जरा थांबवा." मग अक्काकडे न बघता म्हणाले, "चल."

आम्ही सगळेच उतरलो. ऊन कलायला लागलं होतं. हरभरा गुडघ्याच्या खाली, दाट, एकसारखा. अप्पा बांधाबांधानं पुढं चालत होते, आम्ही मागं. कोपऱ्यातल्या बोरीजवळ ते थांबले. तिथं चटईएवढी जागा मोकळी होती. चहूबाजूंनी हरभरा पेरलेला आणि तेवढ्याच जागेवर नांगर नाही, पेरा नाही, तणसुद्धा नाही. कुणीतरी हातानं उपटून साफ ठेवलेली. मातीवर बेलाची पानं होती. काही वाळून काळी पडलेली, काही कालपरवाची, अजून हिरवी.

मला आधीपेक्षा जास्त राग आला. एवढं जपत होते अप्पा, तर मग मला तो शब्द का लिहायला लावला?

अक्का खाली बसली. मातीवर तळवा ठेवला, बराच वेळ ठेवला. मग तिनं मान वर करून अप्पांकडं पाहिलं. तिचे डोळे कोरडे होते आणि आवाज चढलेला होता.

"चार वर्षं तुमी एकटेच येत होतात व्हय, अप्पा? मला घरात बसवून?"

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना मदत केली नाही.