शेजारची सीट

या सदरातले अनुभव मी आजवर वाचत आले ते करमणूक म्हणून, आणि खरं सांगायचं तर त्यातल्या चुका काढायला. धारवाडच्या एका कॉलेजात मी निवृत्त होईपर्यंत तर्कशास्त्र शिकवलं. एक गोष्ट दुसरीच्या नंतर घडली म्हणून ती तिच्यामुळे घडली असं होत नाही, हे फळ्यावर किती वर्षं लिहीत होते! त्यामुळे जे घडलं ते फक्त क्रमाने लिहिते. कारण मला सांगता येणार नाही.

आमचं घर तिथल्याच मळमड्डीत. पुढे छोटा व्हरांडा, त्याच्यासमोर कंपाउंडात एक गाडी जेमतेम मावेल एवढी जागा. यजमान वकील होते. प्रॅक्टिस बंद केली त्या वर्षी त्यांनी बेळगावहून एक जुनी तांबडी स्पोर्ट्स कार आणली — दोनच सीट, जमिनीला टेकलेली, आमच्या बोळातले खड्डे बघून अंग चोरणारी. शेजारच्या सुमक्का फाटकातूनच म्हणाल्या, "वैनी, अण्णांनी सवत आणली की हो. तीबी लाल शालू नेसलेली."

सगळे हसले. मीही हसले.

घरात हे फार कमी बोलत. सगळे शब्द कोर्टात खर्च होत असतील, अशी मी समजूत करून घेतली होती. पण गाडीत बसले की घसा खाकरत, काहीतरी गुणगुणत, आणि स्टिअरिंगवर थोपटून म्हणत, "चल बाई." व्हरांड्यात पुस्तक घेऊन बसलेल्या मला ते ऐकू येई. शेजारच्या सीटवर त्यांची भाजीची पिशवी असायची. मला त्यांनी कधी विचारलं नाही, आणि न विचारता जाऊन बसायला मी काही पिशवी नव्हते.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी ते गेले. सकाळचा चहा तसाच राहिला. गाडीही होती तशी राहिली, व्हरांड्याकडे तोंड करून.

पुढे कधीतरी तिच्या दारावर कुणीतरी लांब ओरखडा काढला. विनय, माझ्या धाकट्या दिरांचा मुलगा, हुबळीच्या वाटेवर नवनगरला राहतो. गाडीवर त्याचा पहिल्यापासून जीव. तो म्हणाला, काकांनी डॅशकॅम आणून कपाटात ठेवलाय, तो लावून टाकू. पुढच्या काचेला आतून चिकटवायचा छोटा कॅमेरा. यांनी हौसेने आणला, पण बसवला नाही. तिच्या वायरींना परक्याचा हात लागलेला त्यांना खपत नसे. मी लगेच हो म्हटलं.

हुबळीच्या कमरीपेठेतून बसू नावाचा वायरिंगवाला आला. सिगारेट-लायटरच्या सॉकेटला जोडला तर कॅमेरा गाडी चालू असेपर्यंतच चालणार. बंद गाडीची राखण करायची तर फ्यूज बॉक्समधून थेट वायर ओढायला हवी, असं त्याने सांगितलं. मग गाडी जरा हलली, कुणी आत बसलं, की कॅमेरा जागा होऊन चित्र आणि आवाज दोन्ही टिपणार. त्याने डॅशबोर्डखालचं झाकण काढलं, दाराचं रबर ओढलं, छताच्या कापडाच्या कडेत वायर सारली. तिची आतडी बाहेर आलेली मी उभी राहून बघत होते. बरं वाटलं.

कॅमेरा विनयने माझ्या फोनला जोडून दिला होता; काही दिवसांनी पहिली क्लिप आली. मी ती फोनवर उघडली. दिवेलागणीची वेळ, समोर व्हरांडा, व्हरांड्यात मीच, पुस्तकात मान घातलेली. मग दार उघडल्याचा आवाज. सीट करकरली. दार लागलं. घसा खाकरला... गुणगुणणं... "चल बाई."

तिथेच मी बंद केलं.

गाडीला कुलूप होतं, किल्ली माझ्या खणात होती, आणि समोर बसून मी काहीही ऐकलं नव्हतं — हे सगळं नंतर सुचलं. आधी मनात आलं ते एवढंच, की हे परत आले, आणि तिच्याकडे गेले.

मग अशा क्लिप येतच राहिल्या. दर वेळी "चल बाई"पाशी माझा अंगठा स्क्रीनवर पडे. त्यापुढचं मला ऐकायचंच नव्हतं. मी व्हरांड्यात त्यांची खुर्ची मांडली, तिच्यावर त्यांचा चष्मा ठेवला. खुर्ची रिकामी राहायची आणि फोनवर क्लिप आलेली असायची.

विनयला एक ऐकवली. त्याने बसूला फोन लावला. ट्रक गेला तरी कॅमेरा जागा होतो, सेन्सर कमी करा, असं बसू म्हणाला. ट्रक घसा खाकरत नाही, हे मी मनातच ठेवलं.

"विनय, गाडी घेऊन जा," मी म्हटलं.

"काकू, वर्षश्राद्ध तरी होऊ दे."

"तोवर ती माझ्या दारात नको."

गाडीच नसली तर घरातच येतील ना, असा माझा हिशेब. विनयने कॅमेऱ्यातलं कार्ड काढून माझ्या हातात दिलं, काकांचा आवाज आहे म्हणाला. ती फाटकाबाहेर पडली तेव्हा मला जिंकल्यासारखं वाटलं.

घरात कुणी आलं नाही. नवनगरलाही नवीन कार्डावर काही नाही. फक्त मांजर आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बसेस.

शेवटी एका संध्याकाळी मी कार्ड लॅपटॉपला लावलं. नुसता आवाज ऐकायचा होता. या वेळी थांबवलं नाही.

"चल बाई"नंतर इंजिन सुरू होत नाही. थोडा वेळ काहीच नाही. मग पिशवीची सळसळ, ती उचलून मागे ठेवल्यासारखी. शेजारचं दार उघडतं. आणि हे म्हणतात, "येतेस?"

चित्रात मी. मान खाली. मी पान उलटते. बराच वेळ काही नाही... मग दार हलकेच लागतं.

दुसरी क्लिप लावली. मग पुढची. सगळ्या तशाच संपतात.

क्षणभर वाटलं, हेही तिलाच विचारत असतील. पण गाडीलाच कुणी शेजारी बसायला बोलावत नाही. एवढं तर्कशास्त्र मला अजून येतं. वाचकांपैकी कुणी वायरिंगमधला दोष सांगणार असेल, तर तो बसूने तपासून झाला आहे.

माझ्या सांगण्यावरून विनयने गाडी परत आणून दिली. ती पूर्वीसारखीच व्हरांड्याकडे तोंड करून उभी आहे. तिच्याशी मी अजून बोलत नाही. पण दिवे लागले की पुस्तक घरात ठेवते, शेजारच्या सीटवर जाऊन बसते, त्यांची पिशवी मांडीवर घेते.

ड्रायव्हरचं दार अजून उघडलेलं नाही.