एक गुण्या आणि दोन तिरकी दुकानं

वडील जाऊन महिनाही झाला नव्हता. ताई पडद्याआड कपड्यांच्या घड्या घालत होती आणि काचेच्या दुकानात वाटणीवरून तिच्या दोन्ही भावांची जुंपली होती.

"रस्त्याकडची बाजू जास्त मला," थोरला म्हणाला.

"मग मागची जास्त मला. काचा काय डोक्यावर ठेवू?" धाकटा म्हणाला.

दोघांचं समाधान झालं, डोकं फिरलं ते गवंड्याचं. भिंत तिरकी घातली. तेवढ्यावर भागेना म्हणून वडिलांचं काच कापायचं टेबलही तसंच तिरकं करवतलं. करवतीची दोन टोकं मात्र दोघांनी धरली. एवढं सख्य!

शाळेचे मास्तर काच घ्यायला आले. म्हणाले, "ताई, आधी हा आयत होता. आता दोन समलंब झाले."

"औषध आहे का त्यावर?"

मास्तरांनी समजावलं. आयताचे चारही कोपरे काटकोनात, समोरासमोरच्या बाजू सारख्या. समलंबात दोन बाजू समांतर, उरलेल्या दोघींचं जमत नाही. पण वाढवत नेल्या तर कुठेतरी भेटतात.

"भेटतील हो," ताई म्हणाली, "पण किती लांब जायचं?"

खरी पंचाईत पुढेच झाली. टेबलाच्या कडेला काच टेकवून ती कापायची हिरकणी ओढायची दोघांची सवय. कड तिरकी, म्हणून काच तिरकी. गल्लीतल्या निम्म्या खिडक्यांच्या कोपऱ्यात बोटभर फट. शेजारीण त्या फटीतूनच ताईला हाका मारी. शेवटी काटकोन तपासायचा वडिलांचा लोखंडी गुण्या काढावा लागला. तो एकच. सकाळी थोरल्याकडे, दुपारी धाकट्याकडे. भावांचा अबोला, म्हणून नेआण ताईची.

बाजारात गुण्ये ढिगाने मिळत. ताईला तीच धास्ती. एकाने नवा घेतला की दोघांत उरणार नुसती भिंत. कुणी विषय काढलाच तर ती म्हणे, "हल्लीच्या गुण्यांत काटकोन कमी भरतो रे!"

"त्या दीडशहाण्याला सांग, घासून झिजवलास," थोरला म्हणे.

ताई पलीकडे जाऊन सांगे, "तुझा दादा विचारत होता, जेवलास का?"

"जेवलो म्हणावं, त्याच्या नाकावर टिच्चून!"

ताई परत येऊन सांगे, "जेवला."

अशी वीस वर्षं गेली. एकदा हिरकणी शोधताना तिने धाकट्याचा खण उघडला. आत कागदात बांधलेला कोरा गुण्या! तिने तो उजेडात धरला. मग नीट पाहिलं. कागद पिवळा पडलेला, दोऱ्याची दुकानदाराने मारलेली गाठ तशीच. घेतला होता, सोडला नव्हता.

"सापडली का गं?" धाकट्याने विचारलं.

"इथे काही नाही," म्हणत तिने खण लावला.

त्या हिवाळ्यात तिला चालवेना. आयुष्यातल्या शेवटच्या दुपारीही ती भिंत धरधरून गुण्या घेऊन पोचली.

"उशीर केलास," दारातच उभा असलेला धाकटा म्हणाला.

"तुमच्या भिंतीला वळसा केवढा पडतो!"

त्याने तिला स्टूल दिलं आणि गुण्या काचेला लावला. संध्याकाळी ताईने तो फडक्याने पुसला आणि थोरल्याच्या खिळ्याला नेऊन अडकवला.